सात ते साडेआठ

सांगली जिल्ह्यात, कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास रोज संध्याकाळी सात वाजता देवळावरून भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घरातला टीव्ही बंद, मोबाईल बाजूला. मुलांनी अभ्यासाला बसायचं, मोठ्यांनी वाचायचं, नाहीतर चार माणसांत जाऊन बोलायचं. साडेआठला दुसरा भोंगा, मग ज्याचं त्यानं बघावं. तेव्हाचे सरपंच विजय मोहिते आणि गावातली शिक्षक मंडळी यांनी कारण सरळ सांगितलं होतं. करोनात शाळा मोबाईलवर भरली, मोबाईल पोरांच्या हातात गेला, आणि शाळा पुन्हा उघडली तरी तो हातातून सुटेना. मग आशा सेविका, अंगणवाडीच्या बाया, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक असे सगळे घरोघर हिंडले आणि लोकांना राजी केलं. देशभरच्या वर्तमानपत्रांत ही बातमी आली.

मी याच तालुक्यातल्या दुसऱ्या एका गावात राहते, माध्यमिक शाळेत मराठी शिकवते. बातमी वाचून मला बरं वाटलं, कारण वडगावची अडचण आमच्याही शाळेची होती. लॉकडाऊनमध्ये दुभती शेळी विकून स्मार्टफोन घेतलेली घरं मला माहीत आहेत. तेव्हा त्याला इलाजही नव्हता. एका फोनवर तीन भावंडांचे वर्ग, त्यात बाप कामावरून फोन घेऊन येईल तेव्हा शाळा सुरू, असे दिवस होते ते. पुढं शाळा भरायला लागली तेव्हा वर्गात एक फरक जाणवला. रिकाम्या तासाला नववीच्या वर्गातून जो गलका ऐकू यायचा, तो उतरला होता. भांडणंसुद्धा वर्गात होत नव्हती. ती आता रात्री व्हायची, घरी, स्टेटसवर.

एक उदाहरण सांगते. नववीतली एक मुलगी डोळे सुजवून वर्गात बसली होती. तिच्या जिवाभावाच्या मैत्रिणीनं रात्री स्टेटस ठेवलं होतं, 'काही माणसं वेळ आली की रंग दाखवतात.' नाव कुणाचंच नाही, पण अख्ख्या वर्गाला कळलं की ते कुणासाठी आहे. जिच्यासाठी होतं तिला मात्र ते दिसू नये अशी सोय केलेली. तिसरीनं त्याचा फोटो काढून तिला पाठवला. मग रात्री एक वाजेपर्यंत दोन्ही बाजूंच्या मुली एकमेकींना मजकूर पाठवत बसल्या. मी त्या दोघींना मधल्या सुट्टीत पायऱ्यांवर शेजारी शेजारी बसवलं. बराच वेळ दोघी पायाच्या अंगठ्याकडं बघत होत्या. शेवटी एकीनं विचारलं, "तू माझ्या वाढदिवसाला का आली नाहीस?" दुसरी म्हणाली, "आईला बरं नव्हतं." एवढंच होतं ते. हे विचारायला दोन आठवडे लागले होते, आणि त्या दोन आठवड्यांत दोघी एकमेकींचं प्रत्येक स्टेटस बघत होत्या, कोण किती वाजता ऑनलाइन होतं तेही बघत होत्या. एकमेकींबद्दल इतकं सगळं त्यांना ठाऊक होतं, फक्त विचारलेलं नव्हतं.

तेव्हा भोंग्याच्या बाजूनं मी पहिल्यापासून आहे. पण वडगावात भोंगा सुरू झाला त्याच वर्षी, दिवाळी झाल्यावर, आमच्या घरामागं त्याच सातच्या वेळेला मी जे पाहिलं, त्यानं मला पुन्हा विचार करायला लावला.

आमचा भाग उसाचा. दिवाळीच्या मागंपुढं कारखान्यांचा हंगाम सुरू होतो आणि बीड जिल्ह्यातून, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर अशा तालुक्यांतून तोडणीच्या टोळ्या येतात. मुकादमाकडून उचल आधीच घेतलेली असते, ती हंगामभर ऊस तोडून फेडायची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. अंगावरची पोरं बरोबर येतात. शाळेत जाणारी बरीचशी मुलं गावाकडं आजी-आजोबांजवळ राहतात, म्हणजे निदान त्यांची शाळा बुडत नाही. ऊस संपेपर्यंत, मार्च उजाडेपर्यंत, आई इकडं आणि लेकरू तिकडं.

आमच्या घरामागच्या पडीक रानात दरवर्षी एक टोळी कोप्या, म्हणजे तात्पुरत्या झोपड्या, घालते. माणसं पहाटे अंधारातच फडात जातात. मोळ्या बांधून, डोक्यावरून वाहून, गाडी भरून दिली की बाया कोपीकडं परततात, तोवर दिवस कललेला असतो. मग पाणी आणायचं, चूल पेटवायची, भाकरी करायच्या. आमच्या मोटारीच्या खोलीत एका फळीवर त्यांचे फोन चार्जिंगला लावलेले असतात. कुठला कुणाचा ते ओळखू यावं म्हणून प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा दोरा बांधलेला. सातच्या सुमारास एकेकजण येतो आणि आपापला दोरा बघून फोन घेऊन जातो.

त्या टोळीत आष्टी तालुक्यातली एक बाई होती. तिची मुलगी तेव्हा सातवीत, गावाकडं आजीपाशी. मी ताक द्यायला गेले होते. बाईनं फोन पिठाच्या डब्याला टेकवून उभा ठेवलेला आणि समोर बसून ती भाकरी थापत होती. दोन्ही हात पिठात. फोनमध्ये मुलगी.

"जेवलीस का?"

"नाय अजून. आजी करतीय."

"काय करतीय?"

"पिठलं."

"डोक्याला तेल लावलंस का? फोन वर धर. अजून वर. बघू."

मुलीनं फोन डोक्यावर धरून वेणी दाखवली. मग वही. ही बाई शाळेत गेलेली नाही. मुलीनं एकेक पान फोनसमोर धरलं आणि आई भाकरी तव्यावर टाकता टाकता बघत राहिली. एका पानावर थांबवून म्हणाली, "हितं तांबडं काहून केलंय मास्तरनं?" अक्षर वाचता येत नसलं तरी लाल शाई कुठं आहे ते तिला बरोबर दिसलं होतं. मुलीला सांगावं लागलं की गुणाकार चुकला होता. त्यानंतर शेळीची चौकशी. शेळी व्यायला आली होती. मुलगी फोन घेऊन गोठ्यात गेली, तर अंधारात काही दिसेना. इकडून आईनं सांगितलं, कासेला हात लाव, भरलीय का बघ. मुलीनं हात लावला आणि घट्ट लागतंय म्हणाली. "मग आज रातच्याला आजीला जागं राहाय सांग. गरम पाणी ठेव म्हणावं." मधे दोन-तीन जिल्हे, आणि भाकरी थापणारी ही बाई तिकडं शेळीचं बाळंतपण करत होती.

त्याच टोळीत तिच्या सासूच्या वयाची एक बाई आहे. ती सांगते, आमच्या वेळेला निरोप मुकादमाकडनं यायचा. मुकादम गावाकडं चक्कर मारून आला की तो सांगेल तेवढं खरं. लेकरू तापानं फणफणलं आणि बरं झालं, या दोन्ही बातम्या तिला एकदमच कळायच्या. ते ताप आलेले दिवस तिच्या हिशेबात कधी नव्हतेच. आता नातीचं पडसंसुद्धा त्याच दिवशी कळतं. २०१६ च्या ५ सप्टेंबरला जिओ सुरू झालं आणि त्यानंतर पूर्वी महिनाभर पुरवून पुरवून वापरायचा तेवढा डेटा दिवसाला मिळायला लागला. या गोष्टीवर शहरातल्या लोकांनी बरंच लिहिलं आहे. पण या स्वस्ताईचा खरा हिशेब कुणी मांडलाच तर त्यानं या कोप्यांत येऊन मांडावा, असं मला मनापासून वाटतं. हंगामातले सगळे महिने आईनं रोज लेकीची वेणी बघावी, ही गोष्ट साधी नाही.

आणि ती वेळ कुठली, तर सात ते साडेआठ. ज्या दीड तासात वडगावात मोबाईल बंद ठेवणं हे आईबापाचं कर्तव्य मानलं गेलं, नेमका तोच दीड तास या बाईच्या आईपणाचा.

इंटरनेटनं माणूस सुखी होतो की एकटा पडतो, हा प्रश्न जवळजवळ इंटरनेटइतकाच जुना आहे. अमेरिकेत पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात रॉबर्ट क्राऊट नावाचे मानसशास्त्रज्ञ आहेत. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू झालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमनं. साधारण त्याच काळात क्राऊट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्गमधल्या घरांत संगणक आणि इंटरनेट पोहोचवून दिलं, आणि त्या माणसांचं काय होतं ते पाहिलं. ७३ घरांतल्या १६९ माणसांचा तो अभ्यास १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. जे इंटरनेट जास्त वापरत होते त्यांचं घरच्यांशी बोलणं थोडं कमी झालेलं, ओळखीपाळखीचा गोतावळा थोडा आटलेला, एकटेपणा आणि उदासी थोडी वाढलेली दिसली. गंमत म्हणजे ही माणसं इंटरनेट वापरत होती ती मुख्यतः इतरांशी संपर्क ठेवण्यासाठीच. या निष्कर्षांचा तेव्हा बराच गाजावाजा झाला.

मला क्राऊट यांच्याबद्दल आदर वाटतो तो त्यापुढच्या गोष्टीमुळं. ते त्या निष्कर्षाला चिकटून बसले नाहीत. त्याच लोकांकडं ते पुन्हा गेले. २००२ मध्ये त्यांनी लिहिलं की पहिल्यांदा दिसलेले वाईट परिणाम बहुतेक विरून गेले आहेत. नव्या लोकांचा अभ्यास केला तर त्यांत इंटरनेटचा फायदाच दिसत होता, पण तो सगळ्यांना सारखा नव्हता. ज्याच्या भोवती आधीच माणसं होती, जो चारचौघांत मिसळणारा होता, त्याला आणखी माणसं मिळाली. ज्याला कुणाचा आधार नव्हता तो आणखी बाजूला पडला. मी हे वाचलं तेव्हा मला आमच्या शाळेतली मुलंच डोळ्यांसमोर आली. ज्या मुलाच्या घरी संध्याकाळी चार माणसं अंगणात बसतात त्याच्या हातात फोन दिला, तर तो त्यावरून क्रिकेटच्या मॅचसाठी पोरं गोळा करतो. ज्या मुलाचं घर सात वाजता कुलूपबंद असतं, तो त्याच फोनवर दुसऱ्यांच्या मॅच बघत बसतो.

आता माझ्या घरातली गोष्ट. गेल्या वर्षी माझे धाकटे चुलते गेले. सकाळी फिरून आले, सोप्यात बसून चहा घेतला, कपबशी खाली ठेवायच्या आत छातीत कळ आली. अर्ध्या तासात भावकीच्या ग्रुपवर बातमी गेली. म्हणून तर त्यांची मुलगी बडोद्याहून आणि पुतणे पुण्याहून मातीला पोहोचू शकले. तिसऱ्या दिवशीच्या रक्षाविसर्जनाची वेळही सगळ्यांना घरबसल्या कळली. पूर्वी अशा वेळी गावोगाव माणूस पाठवायला लागायचा आणि एखादं घर राहिलं तर त्याचा रुसवा पुढं वर्षानुवर्षं चालायचा. तेवढं तरी टळलं.

पण ग्रुपवर भावपूर्ण श्रद्धांजलीची रांग लागली. नातवानं काकूला ती दाखवली. काकूनं सगळी नावं वाचून घेतली, प्रत्येक नावाला मान हलवली. आमच्याकडं दुःखाच्या घरी समाचाराला जायची रीत आहे. बारावं झालं तरी महिना-दीड महिना माणसं येत राहतात. लांबची माणसं सवड काढून येतात, घटकाभर बसतात, चहा घेऊन जातात. या वेळी येणारी माणसं निम्म्यानं कमी झाली असतील. ज्यांनी ग्रुपवर लिहिलं त्यांतले कित्येकजण आले नाहीत. त्यांना दुःख झालं नव्हतं असं मुळीच नाही, मी त्यांना चांगली ओळखते. त्यांना वाटलं की आपण भेटलो.

जी माणसं आली त्यांना काकू सगळं पहिल्यापासून सांगायची. किती वाजता उठले, कुठल्या रस्त्यानं फिरायला गेले, चहा कितपत पिऊन झाला होता, कपबशी कुठं होती. मी शेजारी बसून हे पुष्कळदा ऐकलं आहे. पहिल्या आठवड्यात तिच्या सांगण्यात एक वाक्य हमखास यायचं, 'मी आधीच डॉक्टरला फोन लावला असता तर.' येणारी प्रत्येक बाई त्यावर म्हणायची, नाही हो, तसं काही नसतं, वेळ आली होती. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कधीतरी ते वाक्य गळून पडलं. त्या जागी साखर आली. त्या सकाळी चहात साखर कमी पडली होती आणि काका म्हणाले होते, कारखाना शेजारी असून आमच्या नशिबी हा चहा. सुरुवातीला हे सांगताना तिला रडू फुटायचं. पुढं पुढं ती हे सांगताना हसायला लागली. माझ्या देखत एका बाईनं आपल्या दुःखाची गोष्ट पुन्हा पुन्हा सांगून जगता येण्याजोगी करून घेतली. त्यासाठी तिला समोर माणूस लागत होता, जो ऐकून घेईल, मधेच विचारेल, डॉक्टरचं वाक्य खोडून काढेल. शंभर जणांनी हात जोडल्याची चित्रं पाठवली तरी त्यातल्या एकालाही ती हे सांगू शकली नाही.

माझी आतेबहीण जर्मनीत असते. ती येऊ शकली नाही. पण महिनाभर दर रविवारी तिनं काकूला व्हिडिओ कॉल केला, घाई न करता. काकू फोन घेऊन सोप्यात गेली आणि कपबशी कुठं होती ती जागा तिला दाखवली. ते समाचाराला येणंच होतं. भावकीतल्या कुणी त्याला कमी लेखलं नाही, काकूनं तर नाहीच.

याच क्राऊट यांनी मॉइरा बर्क यांच्याबरोबर २०१६ मध्ये फेसबुकबद्दलचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. बर्क स्वतः फेसबुकमध्ये संशोधक होत्या, तेव्हा हे वाचताना तेवढं लक्षात ठेवायला हवं. पण त्यांना जे आढळलं ते मला काकूच्या सोप्यात बसून खरं वाटतं. जवळच्या माणसानं मुद्दाम आपल्यासाठी चार ओळी लिहिल्या तर माणसाला बरं वाटतं. नुसत्या एका टिचकीनं दिलेल्या दादेनं, किंवा सगळ्यांसाठी म्हणून टाकलेलं वाचून, तसं काही होत नाही. हेच माणूस आणि हाच फोन, पण पलीकडं नावानिशी कुणी आहे की नुसता घोळका आहे, यावर बरंच काही ठरतं. आष्टीच्या बाईच्या फोनमध्ये एक वेणी होती. आमच्या नववीतल्या मुलीच्या फोनमध्ये सगळा वर्ग होता आणि त्यातलं कुणीही तिच्याशी बोलत नव्हतं.

घोळक्याचं आणखी एक रूप आहे. नातं आपल्या माणसांशी असतं तसं अनोळखी माणसाशीही असतं. दारात आलेल्या परक्याला पाणी द्यायचं की नाही, हा नात्याचाच प्रश्न आहे. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा इथं पाच माणसांना जमावानं ठेचून मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची माणसं होती ती, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढ्याकडची, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी. मुलं पळवणारी टोळी आली आहे, असे संदेश तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर राज्यभर फिरत होते. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक संदेश एका वेळी पाचपेक्षा जास्त चॅटवर पुढं ढकलता येणार नाही असं करायचं ठरवलं. पण वडगावात भोंगा सुरू झाल्यावर जेमतेम महिन्यानं, सप्टेंबर २०२२ मध्ये, आमच्याच सांगली जिल्ह्यात, जत तालुक्यातल्या लवंगा गावी पंढरपूरकडं निघालेल्या साधूंना मुलं पळवणारे समजून लोकांनी मारलं. पिढ्यान् पिढ्या आपल्या दारात गोसावी येत होते, वासुदेव येत होता, आणि आयाबाया त्यांना सुपातून पीठ घालत होत्या. ती ओळख इतक्या लवकर पुसली गेली याचं मला अजून वाईट वाटतं. आमच्या घरामागची टोळीही परकीच की. पहिल्या वर्षी गावातल्या एका बाईनं मला विचारलं होतं, ही माणसं कुठली, पोरंबाळं सांभाळून राहू ना? तिनं कुठला तरी व्हिडिओ बघितला होता. मी तिला संध्याकाळी बरोबर घेऊन गेले. चुलीपाशी बसून दोघी-तिघींशी बोलली, घरी जाताना त्यांच्याकडून भाजून घेतलेल्या मिरचीचा ठेचा घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी तिनं जुनी लुगडी धुऊन आणून दिली.

मग प्रश्न राहतो तो भोंग्याचा. इतकं असताना मी अजूनही भोंग्याच्या बाजूनं का?

दहावीतल्या एका मुलाला मी म्हटलं होतं, परीक्षेपुरता तरी बंद ठेव की फोन. तो म्हणाला, "मॅडम, मी एकटाच बंद ठेवला तर सकाळी सगळे कशावर हसतायत ते मला कळत नाही." मी त्याला पुढं काही बोलले नाही, कारण तो खरं बोलत होता. आपण मुलांना मनाचा निग्रह शिकवायला जातो आणि हा मामला एकट्याच्या निग्रहाचा नाहीच. अमेरिकेत अर्थशास्त्रज्ञांनी हे दोन अंगांनी तपासलं आहे. २०१८ च्या निवडणुकीआधी स्टॅनफर्ड आणि न्यूयॉर्क विद्यापीठांतल्या मंडळींनी काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावलं. रोजचा जवळपास एक तास मोकळा झाला. तो दुसऱ्या कुठल्या वेबसाइटवर गेला नाही, घरच्यांबरोबर, मित्रांबरोबर आणि हो, टीव्हीपुढंही गेला. लोकांनी सांगितलं की आपण थोडे अधिक सुखी आहोत. थोडेच, पण मोजण्याइतके. बातम्या मात्र त्यांना कमी माहीत होत्या, हेही त्या अभ्यासात प्रामाणिकपणे लिहिलं आहे. दुसरा अभ्यास २०२३ चा, कॉलेजच्या विद्यार्थ्यांचा. तुम्ही एकट्यानं महिनाभर इन्स्टाग्राम किंवा टिकटॉक सोडायला किती पैसे घ्याल, असं विचारलं तर विद्यार्थ्यांनी सरासरी पन्नास डॉलरच्या आसपास मागितले. पण कॉलेजमधल्या सगळ्यांचंच बंद होणार असेल तर, असं विचारलं तेव्हा त्यातले कितीतरी जण उलट स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला तयार झाले. म्हणजे ते तिथं होते ते आनंदासाठी नव्हते, बाकीचे आहेत म्हणून होते.

वडगावच्या लोकांनी हा अभ्यास येण्याच्या आधीच नेमकं हेच ओळखलं. भोंगा सगळ्यांसाठी एकदम वाजतो. सात वाजता फोन ठेवून एखादी बाई दारात आली, तर शेजारची बाईही दारात असते. एखाद्या घरानं एकट्यानं नियम केला असता तर ती बाई दारात एकटीच उभी राहिली असती आणि पाच मिनिटांत आत गेली असती. म्हणून मला यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी ग्रामपंचायतीचा ठराव तितकासा पटला नाही. पुसद तालुक्यातलं हे गाव. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनी अठरा वर्षांखालच्या मुलांना मोबाईल बंदी केली आणि मोडणाऱ्याला २०० रुपये दंड ठरवला. तळमळ तीच आहे, त्याबद्दल शंका नाही. पण चौदा वर्षांचं पोर फोन ठेवून बापाकडं बघतं तेव्हा बाप फोनमध्ये असेल, तर त्या पोरानं बोलायचं कुणाशी? आमच्या शाळेत पालकसभेला मी बघते, मुलाच्या फोनबद्दल तक्रार करता करता आईबाप स्वतःचा फोन दोनदा काढून बघतात. मुलांना हे दिसतं. त्यांना फोनइतकंच घरातल्या मोठ्या माणसाचं मोकळं तोंड हवं असतं, शाळेत आज काय झालं असं कुणीतरी विचारायला हवं असतं, आणि विचारून उत्तर संपेपर्यंत थांबायला हवं असतं.

आमच्या गावातही भोंगा सुरू करावा अशी बोलणी चालू आहेत. मी सरपंचांना भेटून दोन गोष्टी सांगून आले. पहिली, नियम वयाचा नको, वेळेचा हवा. सरपंचांच्या घरापासून सगळ्यांना सारखा. दुसरी, बंद करायचं ते बघत बसणं. ज्याचं माणूस लांब आहे त्याचा फोन त्या वेळात बंद करायचा नाही. सैन्यात गेलेल्यांची घरं आमच्याकडं आहेत, मुंबईला माथाडीत असलेल्यांची आहेत, आणि पडीक रानात कोप्या आहेत. त्यांना सातचीच सवड असते. तेव्हा टीव्ही बंद राहील, रील बंद राहील, ग्रुप बंद राहील. आईचा फोन आला तर घ्यायचा. सरपंच म्हणाले, मॅडम, असं वेगळं वेगळं करत बसलो तर कोण काय करतंय ते बघणार कोण? मी म्हटलं, बघायचं नाहीच. वडगावातही लोक घरोघर हिंडले ते समजवायला.

ठराव २६ जानेवारीच्या ग्रामसभेत येणार आहे. हंगाम तेव्हा भरात असतो आणि टोळी गावातच असते. त्यांचं नाव इथल्या मतदारयादीत नाही, पण त्यांना सभेला बसू द्यावं आणि त्या आष्टीच्या बाईला बोलू द्यावं, असं मी लेखी अर्जात घातलं आहे.